टायरच्या पोटातली वाफ

नवाकोरा टायर जवळून पाहिला की त्याच्या अंगावर रबराचे बारीक केस दिसतात. पोरं ते उपटत बसतात. टायर न वापरलेला आहे हे ओळखायची ती एक सोपी खूणही आहे. हे केस मुद्दाम कुणी लावत नाही. टायर ज्या साच्यात घडतो, त्या साच्याला जागोजागी सुईएवढी भोकं पाडलेली असतात. मऊ रबर साच्याच्या नक्षीत शिरताना मध्ये सापडलेली हवा त्या भोकांतून बाहेर निसटते आणि तिच्या पाठोपाठ थोडं रबरही आत घुसतं. साचा उघडला की तेच केसासारखं उभं राहतं. घट्ट रबर इतक्या बारीक भोकात शिरायचं तर त्याला आतून केवढा रेटा मिळाला असेल!

हा रेटा देतं कोण? टायरचा आकार आठवून पाहा. पोट रुंद, तोंड अरुंद, आतला पृष्ठभाग सगळीकडून वळलेला. कोणताही घन दट्ट्या त्या पोटात शिरून प्रत्येक कोपऱ्यावर सारखा दाब देऊ शकणार नाही. ते काम ज्याला स्वतःचा आकारच नाही अशाच पदार्थाचं. बंद जागेतल्या द्रवावर दिलेला दाब सगळ्या दिशांना सारखा पोचतो, हे सतराव्या शतकात ब्लेझ पास्कलनं मांडलं. जगातला जवळजवळ प्रत्येक टायर या एका नियमाच्या भरवशावर घडतो. त्याच्या पोटात कधी वाफ भरतात, कधी उकळबिंदूच्या कितीतरी वर तापवलेलं पाणी, कधी नायट्रोजन. मुंबईत भांडुपला, नाशिकला, वाळूजला, चाकणला, गोव्यात उसगावला टायरचे कारखाने आहेत. रस्त्यावरून जाताना आपल्याला त्यांची भिंत आणि धुराडं दिसतं. पोलादी प्रेसच्या आत या तीन प्रवाहांची जी ये-जा चालते ती तर कामगारांनाही दिसत नाही. त्यांना दिसतात ते दाबाचे आणि तापमानाचे काटे.

प्रेसमध्ये जाण्याआधीच्या टायरला ग्रीन टायर म्हणतात. त्याचा रंग काळाच असतो. ग्रीन म्हणजे इथे कच्चा. हवा न सोडणारा आतला थर, धाग्यांचे पदर, रिमला धरून बसणारी तारेची कडी, पोलादी पट्टे, बाजूच्या भिंती आणि वर जाड पट्टा असा सगळा जामानिमा एकमेकांवर चिकटवलेला असतो, पण त्याला नक्षी नसते आणि ताकदही नसते. नख रुतवलं तर खूण तशीच राहते. रबराचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या. कच्च्या रबरात त्या एकमेकींवरून सरकत राहतात. रबरात मिसळलेला गंधक तापला की या साखळ्यांमध्ये आडवे पूल बांधतो आणि सगळ्या सुट्या साखळ्यांचं एक जाळं होतं. शंभर भाग रबराला साधारण दोन-तीन भाग गंधक पुरतो. एवढ्याशा गंधकानं चिकट गोळ्याचा असा पदार्थ होतो की तो ताणला तरी जागेवर येतो आणि लाखभर किलोमीटर रस्ता खाऊनही टिकतो. रसायनशास्त्रात इतक्या थोडक्या वस्तूनं इतका मोठा पालट घडवल्याची उदाहरणं फार नाहीत.

हे प्रथम चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वोबर्न गावी कळलं. गंधक मिसळलेलं रबर तापलेल्या शेगडीला लागलं आणि वितळायच्याऐवजी चामड्यासारखं झालं, ही हकिकत बहुतेकांनी वाचलेली असते. पुढची हकिकत सहसा कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते तीच जास्त मोलाची आहे. शेगडीवर एक कड जळायची, दुसरी कच्ची राहायची. सगळीकडे सारखी उष्णता द्यायची कशी, यात गुडइयरनं पुढचा काळ घालवला. राख, गरम वाळू, भट्टी असं सगळं करून पाहिल्यावर तो दाबाखालच्या वाफेपाशी पोचला: साधारण १३२ अंश सेल्सिअस आणि चार ते सहा तास. १८४४ साली त्याला पेटंट मिळालं. इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉकनंही त्याच सुमाराला हीच प्रक्रिया पेटंटात बांधली होती. गंधकाच्या करामतीचा शोध शेगडीवर लागला, पण तो सिद्धीला नेला वाफेनं. आजही कारखान्यातलं हे काम मुळात तेच आहे. फरक वेळेचा. १९०६ मध्ये ॲक्रन इथल्या जॉर्ज ओएन्सलागरनं गंधकाचं काम वेगानं उरकणारी सेंद्रिय रसायनं शोधली आणि तासांची मिनिटं व्हायला सुरुवात झाली. आता मोटारीचा टायर दहा-पंधरा मिनिटांत होतो, ट्रकचा पाऊण-एक तासात. खाणीतल्या डंपरचे माणसाहून उंच टायर मात्र अजूनही कित्येक तास घेतात.

डंपरच्या टायरला इतका वेळ का लागतो? रबर उष्णतेला पुढे जाऊ देत नाही. पोलादाच्या तुलनेत ते शेकडो पटींनी मंद वाहक आहे. त्यातून उष्णतेच्या प्रवासाचा एक हट्टी नियम आहे: जाडी दुप्पट झाली की वेळ चौपट लागतो. एकाच बाजूनं तापवलं तर उष्णता पलीकडे पोचेपर्यंत अलीकडची कातडी करपेल. म्हणून टायरला दोन्हीकडून तापवतात. बाहेरून साचा आणि त्याला लागून असलेल्या पोकळ प्लेटांमधून फिरणारी वाफ, आतून पोटात सोडलेला प्रवाह. दोन्हीकडून निघालेली उष्णता रबराच्या मधोमध कुठेतरी भेटते, आणि भेटीची ती जागा कुठे यावी हे अभियंते आधी ठरवतात.

उष्णतेइतकीच गरज दाबाची. कच्च्या रबरात थोडी हवा, थोडा ओलावा अडकलेला असतोच. तापल्यावर तो फुगतो. बाहेरून दाब नसेल तर टायरच्या मांसात बुडबुडे धरतील आणि त्याचा स्पंज होईल. गंधकाचं जाळं पुरेसं घट्ट होईपर्यंत दाब क्षणभरही ढळून चालत नाही. हा दाब साधारण २० ते २५ बार असतो. आपण मोटारीच्या टायरमध्ये हवा भरतो ती सव्वादोन बारच्या आसपास, म्हणजे हा त्याच्या दहापट. एक मीटर व्यासाच्या ट्रकच्या टायरचा हिशेब केला तर नुसत्या बाजूच्या भिंतीवर दीडशे टनांच्या घरातला रेटा येतो. प्रेसचे दोन्ही जबडे तेवढ्या ताकदीनं मिटलेले राहावे लागतात. टायरचे प्रेस इतके धिप्पाड का, याचं उत्तर हे आहे. ते टायरला चेपत नाहीत. आतली वाफ त्यांना उघडू पाहते आणि ते तिला अडवून धरतात.

आतला प्रवाह थेट टायरला लागत नाही. मध्ये एक रबरी पिशवी असते, तिला ब्लॅडर म्हणतात. पूर्वी जाडजूड रबरी पिशवी प्रत्येक टायरमध्ये हातानं कोंबावी लागे आणि काम झाल्यावर ओढून काढावी लागे. कामगाराच्या पाठीचं आणि हातांचं त्यात काय होत असेल याची कल्पना करवत नाही. ॲक्रनच्या मॅकनील कंपनीनं 'बॅग-ओ-मॅटिक' प्रेस आणला आणि ही पिशवी यंत्राचाच भाग झाली. प्रेसच्या मधोमध उभ्या खांबाला ब्लॅडर जोडलेलं असतं. कच्चा टायर त्याच्यावर उतरतो, ब्लॅडर हलक्या दाबानं फुगत टायरच्या पोटात वळतं, प्रेस मिटतो आणि खालच्या कड्यातल्या नोझलमधून वाफ आत झेपावते.

या वाफेची ताकद पाहून मी दरवेळी थक्क होतो. १७६० च्या दशकात ग्लासगोमध्ये जोसेफ ब्लॅकनं दाखवून दिलं की पाण्याची वाफ होताना जी उष्णता खर्ची पडते, ती तापमापकावर कुठेच दिसत नाही. शाळेच्या पुस्तकात तिला अप्रकट उष्मा म्हणतात. वाफ थंड पृष्ठभागाला टेकली की ती लपलेली उष्णता एकदम बाहेर टाकते आणि स्वतः थेंब होते. १८० अंशांची एक किलो वाफ पाणी होताना सुमारे २००० किलोज्यूल देते. तेवढंच गरम पाणी दहा अंशांनी निवलं तर देतं फक्त ४२ च्या आसपास. आता एक टायर घेऊ. दहा किलोच्या टायरला खोलीच्या तापमानापासून दीडशे-पावणेदोनशे अंशांपर्यंत न्यायला ढोबळमानानं अडीच हजार किलोज्यूल लागतात. हिशेबानं सव्वा किलो वाफेत ते भागतं! तेच काम दहा अंशांनी निवणाऱ्या पाण्याकडून करून घ्यायचं तर सुमारे साठ किलो पाणी आतून जायला हवं, आणि नायट्रोजनकडून करून घ्यायचं तर अडीचशे किलोच्या आसपास वायू. प्रत्यक्षात पोलाद तापण्यात आणि नळ्यांतून वाया जाण्यात कितीतरी जास्त वाफ खर्च होते, ते वेगळं.

वाफेचा दुसरा गुण त्याहून सुंदर आहे. जिथे पृष्ठभाग सगळ्यांत थंड, तिथे ती सर्वांत जास्त थिजते. थिजली की तिथली जागा रिकामी होते आणि ती भरायला आणखी वाफ धावते. गरज कुठे आहे हे तिला कुणी सांगावं लागत नाही. पंप लागत नाही, पंखा लागत नाही. थंडावाच तिला ओढून आणतो. उष्णता वाटून देणारी इतकी समजूतदार व्यवस्था माणसानं योजून काढली असती तर तिचं केवढं कौतुक झालं असतं.

पण थिजलेल्या वाफेचं पाणी तिथेच साचलं तर तेच पुढच्या वाफेच्या आड येतं. म्हणून प्रत्येक प्लेटच्या, प्रत्येक वाहिनीच्या शेवटी स्टीम ट्रॅप बसवलेला असतो. पाणी आलं की तो उघडतो, वाफ आली की मिटतो. हाताएवढी वस्तू, पण ती अडकली की सगळा प्रेस बिघडतो. पाण्याहूनही वाईट शत्रू म्हणजे वाफेत राहिलेली हवा. हवा थिजत नाही. वाफ पृष्ठभागाकडे धावते, तेव्हा हवेलाही सोबत ओढत नेते. वाफेचं पाणी होऊन जातं आणि हवा पृष्ठभागाशी थर धरून बसते. दाबाचा काटा बरोबर आकडा दाखवत असतो, कारण त्यात हवेचाही वाटा असतो. तापमान मात्र घसरलेलं असतं. म्हणून सुरुवातीलाच हवा बाहेर काढून टाकण्यावर जुने जाणते फोरमन इतका भर देतात.

वाफ इतकी गुणी आहे तर पाणी आणि नायट्रोजन कशाला? घरचा प्रेशर कुकर याचं उत्तर देतो. कुकरमध्ये दाब वाढतो आणि त्याबरोबर पाण्याचा उकळबिंदू १२० अंशांच्या आसपास चढतो. दाब दुप्पट पण तापमान शंभरच, असं कुकरकडून करून घेता येत नाही. संपृक्त वाफेत दाब आणि तापमान एकाच दोरीनं बांधलेले असतात. १० बारला १८० अंश, १५ बारला १९८, २५ बारला २२४. टायरला दाब हवा २५ बारच्या जवळपास, पण २२४ अंश त्याला सोसवणार नाहीत. ट्रकच्या टायरमध्ये नैसर्गिक रबर भरपूर असतं, आणि ते जास्त तापलं की गंधकाचे बांधलेले पूलच तुटायला लागतात. रबर पुन्हा मऊ, दुबळं होतं. घडवणारी उष्णताच मग मोडणारी होते.

ही दोरी तोडणं, दाबाला तापमानापासून सोडवणं, हीच टायरच्या पोटातल्या प्रवाहांची खरी कथा आहे.

पहिली सुटका पाण्यानं केली. पाण्यावर पंपानं २५ बार दाब ठेवला तर ते १८० अंशांनाही उकळत नाही. दाब पंपाच्या हाती, तापमान हीटरच्या हाती. दोन्ही वेगवेगळे हवे तसे ठरवता येतात. मात्र पाण्याकडे अप्रकट उष्म्याची ती शिदोरी नसते. आत नुसतं भरून ठेवलं तर ते निवत जाईल. म्हणून ते फिरतं ठेवावं लागतं: एका नळीतून ब्लॅडरमध्ये, दुसरीतून बाहेर, परत हीटरकडे, परत आत. रांगेतल्या कितीतरी प्रेसच्या पोटांतून एकच तापलेली धार अखंड वाहत असते. हे पाणी आधी विरघळलेल्या हवेपासून मुक्त करतात, कारण एवढ्या तापमानाला ऑक्सिजन ब्लॅडरचं रबर चावतो आणि नळ्यांचं लोखंडही. टायर झाला की पाणी परत घ्यायचं, आणि तेव्हा दाब उतरताच त्यातला काही भाग क्षणात वाफ होऊन उसळतो. जी उष्णता इतक्या कष्टानं भरली ती इथे निसटते. गरम पाण्याची पद्धत भरवशाची खरी, पण इंधनाच्या दृष्टीनं खर्चिक.

दुसरी सुटका नायट्रोजनची. यात पहिली काही मिनिटं वाफ सोडतात. ती आपली उष्णता रबरात ओतते. मग वाफेची वाट बंद होते आणि तिच्यामागून २० ते २५ बारचा नायट्रोजन आत येतो. हा वायू उष्णता जवळजवळ आणतच नाही. मोटारीच्या टायरच्या पोटात तो मावतो जेमतेम अर्धा किलो. त्याचं काम नुसतं रेटत राहणं. आत उरलेली वाफ हळूहळू थिजत जाते, तापमान सावकाश उतरतं, दाब मात्र जागचा हलत नाही. दोरी तुटली. आणि तापमान असं उतरणं सोयीचंच असतं. आतला पातळ थर, जो सगळ्यांत आधी तापला, तो त्यामुळे जास्त शिजण्यापासून वाचतो. नायट्रोजन अतिशय शुद्ध लागतो, कारण पुन्हा तेच: ऑक्सिजनचा अंश ब्लॅडरचं आयुष्य खातो.

पण एक गोष्ट अशी आहे की ती समजल्यावर या क्षेत्रातल्या माणसांची झोप का उडते ते कळतं. गार नायट्रोजन वाफेपेक्षा जड असतो. त्या दाबाला दुपटीहून जास्त. टायर प्रेसमध्ये आडवा झोपलेला असतो. नायट्रोजन खाली बसतो, वाफेला वर ढकलतो, आणि वाफेचं थिजलेलं पाणीही तळाशीच जमतं. वरची भिंत गरम, खालची भिंत त्याहून गार. दहा-पंधरा अंशांचा फरक पडू शकतो. दहा अंश ऐकायला किरकोळ वाटतात. पण रबरातल्या गंधकाच्या क्रियेचा वेग दर दहा अंशांना साधारण दुप्पट होतो. म्हणजे त्याच टायरची एक बाजू दुसरीच्या दुप्पट वेगानं शिजते आहे! ती बाजू रस्त्याकडे असेल की गाडीकडे, हे कुणी पाहत नाही. दोन्हींनी सारखंच टिकायला हवं.

या एका फरकासाठी किती बुद्धी खर्ची पडली आहे! नोझलची भोकं वर तिरकी काढली जातात, म्हणजे आत येणारी धार ब्लॅडरमध्ये गोल घुमते आणि थर बसू देत नाही. कुणी भोकं वेगवेगळ्या उंचीवर ठेवतं, कुणी निचऱ्याचं तोंड अगदी तळाशी नेतं. खालची प्लेट वरचीपेक्षा काही अंशांनी जास्त तापवतात. नायट्रोजन आधी गरम करून पाहतात. ब्लॅडरच्या आतच विजेचा हीटर आणि लहानसा पंखा बसवून वायू फिरता ठेवण्याच्या रचनाही झाल्या आहेत. त्यात वाफ लागतच नाही. नोझलच्या भोकाचा कोन थोडा बदलला की टायरच्या दोन्ही बाजूंचं तापमान जवळ येतं, आणि महामार्गावर हजारो किलोमीटर पुढे त्याचा परिणाम दिसतो. कारण आणि परिणाम यांच्यात इतकं अंतर असताना त्यांचा धागा शोधून काढणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो.

ब्लॅडरबद्दल एक सांगायलाच हवं. ते स्वतः रबराचं आणि त्याचं आयुष्य याच उष्णतेत, शेकडो वेळा. गंधकानं घडवलेलं साधं रबर इतक्या वेळा तापलं की त्याचे पूल तुटतील, ते लिबलिबीत होईल. म्हणून ब्लॅडर ब्यूटाइल रबराचं करतात. हे रबर अमेरिकेत स्टँडर्ड ऑइलच्या प्रयोगशाळेत १९३७ मध्ये जन्माला आलं. वायूला ते सहजी पलीकडे जाऊ देत नाही. आणि त्याच्या साखळ्या गंधकाऐवजी रेझिननं जोडतात, कारण ते जोड उष्णतेला पुरून उरतात. दुसऱ्यांना शिजवणाऱ्या रबराला स्वतः आणखी शिजायची मुभा नाही.

हे सगळं नीट जमलं की नाही हे कळतं कसं? प्रेस तर बंद. त्यासाठी एखाद्या टायरचा बळी देतात. कच्च्या टायरच्या थराथरांत केसासारख्या बारीक तारांचे तापमान मोजणारे सांधे पुरतात, तारा साच्याच्या फटीतून बाहेर काढतात आणि टायर नेहमीसारखा घडवतात. सर्वांत जाड जागा, बहुधा खांदा किंवा तारेच्या कडीजवळचा भाग, सर्वांत उशिरा तापतो. त्या बिंदूवर क्रिया कुठवर आली हे मिनिटामिनिटानं मांडून प्रेस कधी उघडायचा ते ठरतं.

आणि प्रेस उघडतो तेव्हा तो बिंदू पुरता तयार झालेलाच नसतो! मुद्दाम तसंच ठरवलेलं असतं. बुडबुडे धरणार नाहीत इतपत जाळं बांधून झालं की आधी दाब पूर्ण उतरवतात, ब्लॅडरमधलं सगळं शोषून घेतात आणि मगच जबडे उघडतात. बाहेर आलेल्या टायरच्या पोटात ना वाफ असते ना नायट्रोजन, पण जे रबर उष्णता आत यायला इतका वेळ लावत होतं, तेच तिला बाहेरही तितक्याच सावकाश सोडतं. जाड भागातल्या साखळ्या मांडणीवर पडल्यापडल्या जोडल्या जात राहतात, आणि ती मिनिटंही हिशेबात धरलेली असतात. नायलॉनच्या धाग्यांचे टायर मात्र असे सोडून चालत नाहीत. गरम नायलॉन निवताना आखडतं आणि टायरचा आकार बिघडतो. म्हणून प्रेसमधून निघाल्याबरोबर त्यांना लगेच कड्यांवर चढवून आत दाबाची हवा भरतात, आणि प्रेसमध्ये नवा टायर शिजत असताना शेजारीच ते फुगलेल्या अवस्थेत निवत राहतात.